भरपाईची वाट केसपेपरवरून जाते

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या. त्यानंतरची बहुतेक चर्चा पगाराची नवी व्याख्या, हातात पडणारी रक्कम, ग्रॅच्युइटी आणि कामाचे तास यांभोवती फिरत राहिली. ते स्वाभाविक आहे. पगार दर महिन्याला येतो. अपघात आपल्याला होईल असे कोणी धरून चालत नाही. पण या संहितांच्या पोटात १९२३ सालचा एक कायदाही विलीन झाला आहे, त्याच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. आधी त्याचे नाव कामगार नुकसानभरपाई कायदा होते, २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाले. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेचे सातवे प्रकरण आहे.

या कायद्याचे तत्त्व सोपे आहे. कामावर असताना आणि कामामुळे हात गेला, डोळा गेला, जीव गेला किंवा ठरावीक आजार जडला, तर मालकाने भरपाई द्यायची. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. कामगाराच्या स्वतःच्या चुकीचे काही अपवाद कायद्यात आहेत. तो नशेत होता, सुरक्षेचा नियम त्याने मुद्दाम मोडला, यंत्रावरचे संरक्षक झाकण जाणूनबुजून काढले वगैरे. पण मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर हे अपवादही मालकाच्या मदतीला येत नाहीत. कामगार कंत्राटदाराचा असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. ‘मी भरपाई मागणार नाही’ असे कोणी आधी लिहून घेतले असेल, तर त्या कागदाला कायद्यात किंमत नाही.

इतका स्पष्ट कायदा शंभर वर्षे हाताशी असताना जखमी कामगार पाचपन्नास हजारांच्या तडजोडीवर गावी का परततो? उत्तराचा एक भाग मालक, मुकादम आणि न्यायालयातल्या विलंबात आहे, आणि त्यावर बरेच लिहिले गेले आहे. दुसरा भाग रुग्णालयात आहे. त्याविषयी कमी बोलले जाते.

समजा, पत्रे दाबण्याच्या पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या तीस वर्षांच्या माणसाची तर्जनी सापडली. भोसरी, चाकण, वाळूज अशा पट्ट्यांतल्या डॉक्टरांना ही जखम नवी नाही. रुग्णाला घेऊन येतो तो सुपरवायझर किंवा कंत्राटदाराचा माणूस. माहितीही तोच सांगतो: ‘घरी दारात बोट सापडलं.’ रुग्ण वेदनेने कळवळत असतो, समोर अजून वीस रुग्ण उभे असतात, आणि केसपेपरवर तसेच लिहिले जाते. मेडिको-लीगल नोंद होत नाही, पोलिसांना कळवले जात नाही. दोन महिन्यांनी काम सुटते, तेव्हा तो माणूस हक्क मागायला निघतो. त्याच्या विरोधातला सर्वांत भक्कम पुरावा सरकारी शिक्क्यासह त्याच्याच पिशवीत असतो.

दुसरी गफलत जखमेच्या वर्णनात होते. ‘उजव्या तर्जनीची चिरडलेली जखम, टाके घातले’ एवढे लिहून भागत नाही. कायद्याच्या परिशिष्टात बोटाच्या प्रत्येक पेराला वेगळा टक्का आहे. तर्जनी पूर्ण गेली तर कमाईच्या क्षमतेतली घट १४ टक्के, दोन पेरे गेली तर ११, एक गेले तर ९, आणि हाड शाबूत राहून नुसते टोक गेले तर ५ टक्के. जुन्या कायद्याखाली २०२० पासून हिशेबासाठी महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५ हजार रुपये धरला जात होता. तिशीतल्या माणसासाठी गुणक २०७.९८. पगाराचे साठ टक्के गुणिले हा गुणक, म्हणजे संपूर्ण अपंगत्वाची रक्कम १८ लाख ७१ हजार ८२० रुपये. त्याचे १४ टक्के म्हणजे २ लाख ६२ हजार. ५ टक्के म्हणजे ९३ हजारांच्या थोडे वर. हाड कुठल्या सांध्यापासून गेले, हे एका ओळीत आणि एका एक्स-रेमध्ये नोंदवले की नाही, यावर दीड लाखाहून जास्त रुपये ठरतात. जखम भरल्यावर पुन्हा एक्स-रे काढता येतो, हे खरे. पण तोवर कामगार त्या शहरात असेलच असे नाही.

परिशिष्टात नसलेल्या जखमांचा प्रश्न आणखी अवघड आहे. खांदा आखडला, मणका दुखावला, भाजल्यामुळे हाताची पकड गेली, अशा वेळी कायदा डॉक्टरला विचारतो की या माणसाची कमाई करण्याची क्षमता किती टक्के गेली. रुग्णालये मात्र सवयीने अपंगत्वाचा वैद्यकीय टक्का लिहून देतात. रेल्वे सवलतीला किंवा आरक्षणाला लागतो तोच. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गुडघा तीस टक्के वाकत नसलेला कारकून उद्या टेबलाशी बसू शकतो. तोच गुडघा परांचीवर चढणाऱ्या गवंड्याचा असेल तर त्याचा धंदाच संपतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात हे स्पष्ट केले. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. परिशिष्टाप्रमाणे पाहिले तर ते अंशतः अपंगत्व. न्यायालयाने म्हटले की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसापुरते ते संपूर्ण अपंगत्व आहे. निकालाला पन्नास वर्षे झाली. तरीही प्रमाणपत्रावर रुग्ण काय काम करत होता आणि आता त्यातले काय करू शकत नाही, या दोन ओळी क्वचितच असतात.

जखमेचे निदान कामगार स्वतःही करतो. तुटलेले बोट दिसते. आजाराचे तसे नाही. कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी कायद्यात तीन भागांत दिली आहे. पहिल्या भागातल्या आजारांना कामाच्या कालावधीची अट नाही. दुसऱ्यासाठी सलग सहा महिने त्या कामात असावे लागते. तिसऱ्यासाठी सरकार कालावधी ठरवते. या यादीची खरी ताकद अशी की आजार यादीत असेल आणि काम त्या प्रकारचे असेल, तर तो कामामुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर जातो.

यादी वाचली तर डॉक्टरांनाही आश्चर्य वाटेल. शिसे, पारा, बेंझिन, अॅस्बेस्टॉस ही नावे अपेक्षितच आहेत. पण आवाजामुळे आलेला बहिरेपणा त्यात आहे, कामातल्या पदार्थांमुळे जडलेला दमा आहे, अतिउष्ण हवामानातल्या कामामुळे होणारे उष्णतेचे विकार आहेत. दर एप्रिल-मे महिन्यांत उष्माघाताच्या मृत्यूंचे आकडे छापून येतात; त्यांतला रस्त्यावर डांबर टाकणारा किंवा वीटभट्टीवरचा माणूस भरपाईस पात्र असू शकतो, हे त्या बातमीत नसते. रुग्णालय आणि प्रयोगशाळेतल्या कामातून होणारे संसर्गजन्य आजार तर पहिल्याच भागात आहेत. वॉर्डात क्षयरोग जडलेली कंत्राटी परिचारिका किंवा सफाई कामगार हा त्याच कलमाचा लाभार्थी आहे. ज्या इमारतीत या यादीतले आजार तपासले जातात, तिथल्याच माणसांना ती लागू आहे.

ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांची विषबाधाही पहिल्या भागात आहे, आणि शेतातील कीटकनाशक फवारणी हे काम कायद्यात स्पष्ट शब्दांत नोंदलेले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली, अनेक दगावले. त्यांत मजुरीने फवारणी करणारेही होते. चौकशी समित्या बसल्या, सरकारने मदत जाहीर केली, उंच वाढलेल्या कपाशीपासून बनावट औषधांपर्यंत सगळ्याची चर्चा झाली. हा कामामुळे झालेला आजार आहे आणि मजुराच्या कुटुंबाला त्याबद्दल भरपाईचा कायदेशीर हक्क असू शकतो, हा मुद्दा मागेच राहिला. अर्थात इथे एक गाठ आहे. फवारणीचा मालक म्हणजे अनेकदा स्वतःच कर्जात बुडालेला पाच एकरांचा शेतकरी. त्याच्या डोक्यावर लाखो रुपयांचे दायित्व टाकून विमा मात्र कोणी काढायचा नाही, ही व्यवस्था दोघांनाही बुडवते. पण त्यामुळे वैद्यकीय नोंदीचे महत्त्व कमी होत नाही. कोणते औषध, किती दिवस, कोणाच्या शेतात, आणि पहिल्याच दिवशी रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी. अॅट्रोपिनने रुग्ण सावरला की या गोष्टी विचारायचे राहून जाते.

सगळ्यांत मोठा अन्याय मात्र सिलिकोसिसच्या रुग्णांवर होतो. दगड फोडणे, खडी क्रशर, विहिरी खोदणे, काच आणि सिरॅमिकचे कारखाने, ओतकाम, वाळूच्या फवाऱ्याने धातू घासणे या कामांत सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ उडते. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ बरीचशी नाकातच अडते. घातक असतात ते दहा मायक्रॉनपेक्षाही लहान कण; ते थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथल्या संरक्षक पेशी ते गिळतात, मरतात, आणि त्या जागी गाठी आणि व्रण तयार होतात. सहसा दहा-वीस वर्षांनी दम लागू लागतो. स्फटिकाची भुकटी करण्यासारख्या कामांत काही वर्षांतच. काम सोडले तरी आजार थांबत नाही, आणि त्यावर बरे करणारे औषध नाही.

एक्स-रेवर हे व्रण फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात. क्षयरोगही बहुधा तिथेच दिसतो. आपल्याकडे खोकला, वजन घटणे आणि वरच्या भागात डाग म्हटले की डॉक्टरच्या मनात पहिला विचार क्षयाचा येतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. घोटाळा पुढे होतो. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी औषधे सुरू होतात. सहा महिन्यांनी गुण नाही, म्हणून पुन्हा सुरू होतात. भरीस भर म्हणजे सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे काहींना दोन्ही आजार खरोखर असतात. कायद्याला हे माहीत आहे. सिलिकोसिस हे अपंगत्वाचे मुख्य कारण असेल तर ‘सिलिको-ट्युबरक्युलोसिस’ हा आजारही यादीत आहे. म्हणजे क्षय सापडला म्हणून हक्क जात नाही. पण कागदावर फक्त ‘क्षयरोग’ असे लिहिले की तो जातोच, कारण क्षय कोणालाही कुठेही होतो.

मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर भागातले आदिवासी गुजरातमधल्या गोध्रा परिसरात स्फटिक दगड दळण्याच्या कामाला जात. ते तरुण वयात आजारी पडून गावी परतले आणि एकामागून एक मेले. गावात लोकांनी याद्या केल्या, प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१६ मध्ये न्यायालयाने गुजरात सरकारला २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश दिला. भरपाई मिळाली ती सरकारकडून, ज्यांच्या गिरण्यांत धूळ उडाली त्यांच्याकडून नाही. आणि मिळाली तीही वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर, बहुतेकांच्या मृत्यूनंतर.

आता नव्या संहितांकडे वळू. त्यांनी काही चांगले केले आहे. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थितीचा कामाशी संबंध दिसत असेल तर कामाचाच मानला जाईल. राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, ही तरतूद २०१० पासून होती. आता ती भरपाईच्या प्रकरणातही आली. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक झाले. ‘हा आमचा माणूसच नव्हता’ हा मालकांचा सर्वांत जुना बचाव त्यामुळे दुबळा व्हायला हवा, पत्र खरोखर दिले गेले तर. ईएसआयची वर्गणी भरलेल्या कामगाराला भरपाई मालकाऐवजी महामंडळाकडून मिळते. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या सुमारे ९० टक्के, मृत्यूनंतर कुटुंबाला पेन्शन. ईएसआय असलेल्या कामगाराची स्थिती इतरांपेक्षा बरी असते, यात शंका नाही. मात्र अपघाताच्या दिवशीच घाईघाईने नाव नोंदवण्याची जुनी युक्ती नव्या कायद्याने संपेल, असे मानायला आधार नाही. ती पकडण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे रुग्णालयात दाखल होतानाची तारीख आणि वेळ.

चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी मालकाने करायची, असेही सरकारने जाहीर केले. मधुमेह आणि रक्तदाबासाठी हे ठीक आहे. धुळीच्या कामासाठी चाळिशीची रेषा निरर्थक आहे. गोध्र्याहून परतलेले अनेक जण चाळिशीपर्यंत जगलेच नाहीत. तपासणी वयावर नव्हे, कोणत्या धुळीत किती वर्षे काढली यावर ठरायला हवी. शिवाय विजेवर चालणाऱ्या उद्योगाला कारखाना म्हणण्यासाठीची कामगारसंख्या १० वरून २० झाली आहे. पंधरा माणसांचा क्रशर त्या व्याख्येतून बाहेर पडतो. भरपाईचे दायित्व त्याच्यावरही कायम आहे, पण धूळ मोजायला तिथे कोण जाणार?

दाव्याची मुदत पूर्वीप्रमाणेच दोन वर्षे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. आजारांसाठी वेगळी तरतूद आहे: काम सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणे दिसली, तर ती पहिल्यांदा आढळली तो दिवस अपघाताचा दिवस मानला जातो. दहा-वीस वर्षे दबा धरणाऱ्या आजाराला दोन वर्षांचे हे माप अपुरे आहे, आणि संहिता लिहिताना ते बदलता आले असते. पण जी तरतूद आहे, तिचा फायदाही लक्षणे ‘पहिल्यांदा आढळली’ असे कोणीतरी तारखेसह लिहिले असेल तरच मिळतो.

हे लिहिणे डॉक्टरच्या मर्जीवर सोडलेलेही नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात, कलम ८९ नुसार, यादीतला आजार दिसला की तो मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवणे उपचार करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरवर बंधनकारक होते. कळवले नाही तर एक हजार रुपये दंड. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो दहा हजार रुपयांपर्यंत वाढला आहे. दंड दसपट झाला म्हणून नोंदी दसपट होतील अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. बहुतेक डॉक्टरांना असे कलम आहे हेच माहीत नसते. ज्यांना माहीत असते त्यांना न्यायालयाच्या समन्सची भीती वाटते. ती खोटीही नाही. सोलापुरात दिलेल्या प्रमाणपत्रासाठी तीन वर्षांनी गडचिरोलीहून साक्षीला यायचे, दिवसभर बसायचे आणि पुढची तारीख घेऊन परतायचे. डॉक्टर साक्षीला आला नाही म्हणून प्रमाणपत्र कुचकामी ठरते आणि दावा पडतो. व्हिडिओद्वारे साक्ष ही यावरची सोपी आणि उपलब्ध सोय आहे; भरपाईच्या दाव्यांत ती सर्रास वापरली गेली पाहिजे.

बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांबरोबर ‘धंदा काय करतोस?’ हेही विचारा, असे सांगितले. आपल्या केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असतो. त्यात पुरुषांसाठी ‘मजूर’ आणि बायकांसाठी ‘घरकाम’ भरले जाते. मग ती बाई पंधरा वर्षे खडी फोडत असो. त्याऐवजी काय काम, कशाची धूळ किंवा रसायन, कुठे, कधीपासून, आणि सोबतच्या लोकांनाही असाच त्रास आहे का, हे विचारायला दोन मिनिटे लागतात. अनेक ठिकाणी काम केले असेल तर तशी सगळी नावे लिहावीत; यादीच्या तिसऱ्या भागातल्या, म्हणजे सिलिकोसिससारख्या आजारांत भरपाई त्या मालकांमध्ये वाटून देण्याची सोय कायद्यात आहे. कामगारानेही ही माहिती स्वतःहून सांगावी, डिस्चार्ज कार्ड वाचून घ्यावे आणि मजकूर चुकीचा असेल तर तिथेच दुरुस्त करून मागावा. दावा अपघात झाला त्याच जिल्ह्यात लावावा लागतो असे नाही. कामगार किंवा त्याचे वारस जिथे राहतात तिथेही लावता येतो. औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही मोफत मिळतो.

राजस्थानने २०१९ मध्ये न्यूमोकोनिओसिससाठी, म्हणजे धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या आजारांसाठी, स्वतंत्र धोरण आणले. निदान प्रमाणित झाले की तीन लाख रुपये, मृत्यूनंतर कुटुंबाला आणखी दोन लाख, शिवाय पेन्शन. मालक कोण हे शोधत बसण्याआधी पैसे रुग्णापर्यंत पोहोचतात. मालकाची जबाबदारी सरकार उचलते, हा त्यातला दोष. पण रुग्ण जिवंत असताना काही हाती पडते, हा त्याहून मोठा गुण. प्रमाणपत्र देण्यासाठी डॉक्टरांचे मंडळ बसू लागले, की क्षयाच्या नावाखाली झाकलेले रुग्ण उजेडात येतात. महाराष्ट्रात खाणी, क्रशर आणि ओतकामाचे कारखाने कमी नाहीत, आणि आदिवासी पट्ट्यातून बाहेरच्या राज्यांत जाणारे मजूरही आहेत. इथे अशा रुग्णाचा मृत्यू झाला, तर मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने’ असे लिहिले जाते. शवविच्छेदन झालेच, तर फुप्फुसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवता येतो, आणि त्यात सिलिकाच्या गाठी स्पष्ट दिसतात. त्यासाठी शवागारातल्या अर्जावर हा माणूस दगडाच्या कामावर होता एवढे कोणीतरी लिहावे लागते.